आईनं दिलेला बिब्बा
ट्रंक आवरताना चिंधीत बांधलेले चार बिब्बे निघाले. आणीबाणीच्या वर्षी मी मस्कतला बांधकामावर होतो. पाय मुरगळला, म्हणून केदारखेड्याहून निघताना आईनं दिलेला बिब्बा तापवून घोट्याला लावला, तर तो उतला. फोड आले, कातडी काळी पडली. तिथल्या डॉक्टरनं लांबूनच पाहून महारोगाचा संशय घेतला. आता घरी धाडणार, ही धास्ती बसली. तेवढ्यात हैदराबादची नर्स वाकून म्हणाली, "बिब्बा लगाए क्या? हमारी अम्मा भी ऐसाच करती." मी "हां" म्हणालो. तिनं समजावल्यावर डॉक्टर हसला, जवळ आला आणि स्वतःच्या हातानं मलम लावलं. आईला मी लिहिलं, 'बिब्ब्यानं पाय बराबर झाला.' तिनं गाववाल्याबरोबर लगेच आणखी चार धाडले. तेच हे.