रुखवतातली एक वस्तू

माझ्या हाताला वळण नाही, हे आमच्या घरात मी दहा वर्षांची असल्यापासून ठरून गेलेलं होतं. मी लाटलेली पोळी तव्यावर जाण्याआधी आई पुन्हा लाटायची. मी काढलेल्या रांगोळीतली एखादी रेघ ती जाता जाता पुसायची, सरळ करायची आणि वर म्हणायची, "केलीस तूच, मी फक्त जरा ठीक केली." पाहुण्यांसमोर मात्र पोळ्याही माझ्या असायच्या आणि रांगोळीही. लोक कौतुक करायचे आणि मी खाली मान घालून ते ऐकून घ्यायचे.

म्हणून लग्न ठरलं तेव्हा मी एकच हट्ट धरला. रुखवतात एक वस्तू खरोखर माझी हवी. मांडवात टेबल लावून जे काही मांडायचं ते सगळं नवरीनं केलं असं सांगायची आपल्यात पद्धत, आणि आमच्याकडे त्याची कामं आधीच वाटली गेली होती. लोकरीचे रुमाल मावशीकडे, मण्यांचा गणपती आत्याकडे, साखरेची तुळस आईकडे. माझ्याकडे नुसतं नाव द्यायचं काम होतं.

सासर नाशिकचं होतं. उज्जैनच्या आम्हा मराठी माणसांना 'तिकडच्या' लोकांची कायमची धास्ती असते. आमचे पूर्वज कधीकाळी दरबारी कारकुनीला इकडे आले आणि इकडचेच झाले. बोलण्यात हिंदी कधी मिसळली ते कुणालाच कळलं नाही. ती मंडळी मला बघायला आली तेव्हा आई अगदी प्रेमानं म्हणाली, "घ्या ना, शरमावता कशाला," आणि त्यांच्याबरोबरची एक बाई तोंडाला पदर लावून हसली. आईनं ते हसू मनात धरून ठेवलं.

माझा हट्ट मात्र तिनं मान्य केला. "एक वस्तू तुझी, पक्कं," ती म्हणाली. "पण जरा ढंगाची कर."

आम्ही नानाखेड्याच्या बाजूला नव्या कॉलनीत राहायचो. शेजारच्या वहिनींना दोऱ्याच्या गाठींचं मॅक्रमे यायचं. त्यांच्या बैठकीत त्यांनी केलेली वॉल हँगिंग्ज होती, घुबडाची, मोराची. मला त्यांचं फार कौतुक वाटायचं. त्या मला शिकवायला लगेच तयार झाल्या. टावर चौकातून आम्ही पोपटी रंगाचा नायलॉनचा दोरा आणला. कॉलनीत नुकतंच केबल आलेलं होतं आणि दुपारी सगळ्या बायका टीव्हीसमोर असायच्या. आम्ही दोघी वहिनींच्या व्हरांड्यात, खिडकीच्या गजाला काठी बांधून बसायचो.

वस्तू जेवढी लांब करायची त्याच्या आठपट दोरा कापायचा, दुमडून काठीला अडकवायचा. मग चार-चार दोरे घ्यायचे. मधले दोन नुसते ताणून धरायचे आणि कडेच्या दोघांनी गाठ मारायची, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. एवढं सोपं. मी पहिली सबंध पट्टी डावीकडूनच विणली आणि ती गोल जिन्यासारखी पिळत खाली गेली.

"उसवू या?" वहिनींनी विचारलं.

मी नको म्हटलं. नायलॉन उसवलं की दोरा नागमोडी होऊन बसतो, पुन्हा सरळ होत नाही, हे त्यांनीच सांगितलं होतं. शिवाय ती पिळलेली पट्टी मला आवडायला लागली होती. सहा आठवडे मी विणत होते. डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटं लांब झाली. टोकं मेणबत्तीवर वितळवताना एक टोक काळं पडलं. वहिनी रोज म्हणायच्या, "छान होतंय." शेवटची गाठ मारली त्या दिवशी मी ते मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसले. कुणी ठीकठाक न केलेली माझ्या हातची ती पहिलीच गोष्ट होती. मग मी एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर चिठ्ठी लिहिली, 'हे मी स्वतः केले आहे', आणि दोन्ही आईच्या हवाली केली.

लग्नाच्या दिवशी फोटोग्राफरनं मला रुखवताच्या टेबलापुढे उभं केलं. टेबलावर भैरवगडच्या छापाची चादर, तिच्यावर तुळस, गणपती, रुमाल. मागच्या पडद्यावर मोतिया रंगाचं वॉल हँगिंग होतं. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या, मधे विणलेला मोर. त्याच्या खाली टाचणीनं लावलेली चिठ्ठी माझ्या अक्षरातली होती.

तसा मोर उज्जैनमध्ये मला माहीत असलेली एकच बाई विणायची. त्या तिथंच सरबताचे ग्लास फिरवत होत्या. मी बघतेय हे लक्षात आल्यावर वहिनी ट्रे घेऊन पलीकडे गेल्या. सहा आठवडे माझ्याशेजारी बसून त्या 'छान होतंय' म्हणत होत्या आणि उरलेल्या वेळात माझ्याऐवजी लावायचा मोर विणत होत्या.

"माझं कुठंय?" मी आईला विचारलं.

"सामानात आहे ना. हस जरा, फोटो निकलतोय."

त्या फोटोत मी हसलेली आहे. माझी इतकी जिव्हारी लागणारी फसवणूक पुढे कुणी केली नाही, आणि पुरावा म्हणून अल्बममध्ये माझेच दात दिसतात.

नाशिकला तिसऱ्या दिवशी सामान सोडायला घेतलं. सगळ्यांत मोठा खोका पोपटी नायलॉनच्या दोऱ्यानं बांधलेला होता. दोरा इथून तिथून नागमोडी, आणि त्याचं एक टोक काळं. आई खोटं बोलली नव्हती, माझी वस्तू सामानातच होती. लग्नघराच्या त्या धावपळीत तिनं वेळ काढून माझी एक-एक गाठ सोडवली होती. मी खोक्यापाशी बसून रडले. नव्या नवरीला माहेर आठवलं असेल असं समजून कुणी काही विचारलं नाही.

पहिल्या माहेरपणात मी आईला जाब विचारला. ती वाढत होती.

"अगं, वाकडं होतं ते," ती म्हणाली. "ते लोक एक-एक चीज उलटून बघणारे. तुझंच हसं झालं असतं. आणि दोरा किती मजबूत होता, फालतू नवीन कशाला आणायचा? भात घे."

मी भात घेतला नाही. वहिनींकडेही गेले नाही. त्यांनी माझ्यासाठी श्रीखंडाचा डबा पाठवला, तो न उघडता परत केला.

नाशिकला मोर पुढच्या खोलीत लागला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सासूबाई सांगायच्या, "सुनेनं केलाय." मी मान हलवायचे. दोन वर्षं हलवली. प्रत्येक वेळी वाटायचं, आता कुणीतरी म्हणेल, एक गाठ मारून दाखव.

मग नणंदेचं लग्न ठरलं. सासूबाई कागद-पेन घेऊन रुखवताची यादी करायला बसल्या आणि मला म्हणाल्या, "तुझा तो मोर ज्यांनी केला त्यांचा पत्ता दे. हिच्यासाठीही एक सांगू."

सवयीनं तोंडातून गेलं, "तो मीच..."

"असू दे गं," त्या यादीवरून नजर न काढता म्हणाल्या. "रुखवतातलं कोण नवरी स्वतः करते? माझ्या रुखवतातला एक टाका माझा नव्हता. आम्ही तर मांडवातच म्हटलं, हा सराईत हात आहे. थोडं वाकडंतिकडं असतं तर वाटलं असतं, हो, मुलीनं केलंय."

मी वहिनींचा पत्ता लिहून दिला. ज्यांच्या हसण्याला भिऊन आईनं माझ्या गाठी सोडवल्या, त्यांनी त्या चिठ्ठीवर एक दिवसही विश्वास ठेवला नव्हता. माझं ते एकीकडे लांब, पिळलेलं, एका टोकाला काळं पडलेलं वॉल हँगिंग तिथं असतं, तर तेवढंच एक त्यांना खरं वाटलं असतं. मांडवात आला नव्हता इतका आईचा राग मला त्या दिवशी आला.

आईला हे मी कधीच सांगितलं नाही. तिला वाईट वाटेल म्हणून नव्हे. सांगितलं असतं तर ती एवढंच म्हणाली असती, "बघ, आवडला ना त्यांना मोर?"