खंडोबाचं कुत्रं

आमचा छोटा कुत्रा दीड वर्षाचा झाला आणि शेजारच्या कुत्रीसाठी दोनदा भिंत ओलांडून पळाला. डॉक्टर म्हणाले, नसबंदी करून टाका. बाबा आडवे आले. "आपलं कुलदैवत खंडोबा. त्याच्या कुत्र्याला सुरी लावायची नाही, समजलं?" शेजारचे भिया (आमच्या माळव्यात भैयाला भियाच म्हणतात) रोज फाटकातून ओरडायचे, "कब करा रहे हो?" मी देवासच्या दवाखान्यात तीनदा वेळ घेतली आणि तीनदा रद्द केली. माझीच मला चीड यायची. तोवर कुत्रा जिन्याखाली साखळीला. चंपाषष्ठीला बाबांनी त्याच्या कपाळाला भंडारा लावला, रोडगा भरवला, हात जोडले. मग साखळी घट्ट आहे ना, ते ओढून पाहिलं. ते आत गेल्यावर मीही पाहिलं.