शिधा न आलेले लग्न

मागच्या वर्षी चैत्रात, एका मंगळवारी दुपारी, माझ्या आईने आणि तिच्या मैत्रिणीने दारव्हा तालुक्यातल्या आमच्या घरी टीव्हीवर एक परदेशी सिनेमा पाहिला. तो हिंदीत केलेला होता. वीज गेली नाही, त्यामुळे शेवटपर्यंत पाहता आला.

आई सत्तरीच्या पुढची. मैत्रीण दोनेक वर्षांनी लहान, गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरची. आई लग्न होऊन आली त्या वर्षी ती आमच्या शेतात कापूस वेचायला आली होती. ओळख तिथली. आता दोघींचे गुडघे दुखतात, आणि दुपारी टीव्हीपुढे दोघी त्यावरच बोलतात.

सिनेमात एक गोरी जमीनदारीण होती आणि तिचे कपडे शिवणारी काळी बाई. मैत्री तीस वर्षांची. काळ्या बाईच्या मुलीच्या लग्नाला गोरी मोटारीतून येते, भेटवस्तू देते आणि पानं मांडायच्या आत निघून जाते.

"हे त तूच हायेस, पाटलीन," मैत्रीण म्हणाली.

"मी काहून? माह्याजवळ कुठं मोटार हाये?"

"मोटारच तेवढी नाही. बाकी तोंडसुद्धा तसंच करतेस."

"गुमान पाह्य."

तांड्यावर लग्न असले की आदल्या दिवशी आमच्याकडे सुपात कोरडा शिधा येई: गव्हाचे पीठ, तुरीची डाळ, गूळ, तूप. आई तो घरी रांधून खाई, मग लग्नाला जाई. तांड्यावरचे शिजलेले अन्न तिने कधी खाल्ले नव्हते. दोन्ही घरे याला मान म्हणत.

वैशाखात मैत्रिणीच्या नातीचे लग्न होते. आदल्या दिवशी शिधा आला नाही. लग्नाच्या सकाळीही नाही.

"विसरल्या असतील," वहिनी म्हणाली. "मी टाकते दोन पोळ्या."

"राहू दे," आई म्हणाली. ती काही न खाता माझ्या मोटारसायकलवर बसली.

मांडवाच्या तोंडाशी मैत्रीण उभी होती. तिने आधी आईकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"जेवून आलीस?"

"काय जेवू? तू धाडलं काय?"

"नाही धाडलं."

"मंग मले भूक लागून राह्यली. इथंच उभी ठेवतेस का आता?"

शिधा नेहमीसारखा सुपात भरून आतल्या खोलीत ठेवलेला होता, असे मैत्रिणीच्या सुनेने मला नंतर सांगितले. आई रागावून परत निघालीच, तर तो घेऊन मागे धावायचे, असे सासूने तिला बजावले होते. दोन रात्री सासू झोपली नव्हती.

बायकांची पंगत बसत होती. मैत्रिणीने आईला हाताला धरून बसवले आणि स्वतः शेजारी बसली. वाढणाऱ्या मुली आईच्या पानापाशी थांबल्या.

"वाढा ना वं पोरींनो," मैत्रीण म्हणाली. "फोटो काढता का तिचा?"

पानात बाटी पडली. तांड्यावर भाकरीला बाटी म्हणतात. आईने ती डाळीत कुस्करली आणि पहिला घास घेतला. मैत्रिणीने अजून पानाला हात लावला नव्हता.

"काय झालं?" तिने विचारले.

"डाळीत मीठ कमी हाये."

"पन्नास वर्षांनी जेवाले बसली, अन् खोड काढते!"

आईने दोन बाट्या खाल्ल्या. पुढच्या पंगतीआधी डाळीत मीठ घालण्यात आले.