घड्याळवाल्या मामाचं चौथं अंडं

माझा मामा घड्याळं दुरुस्त करतो. बंद वस्तू दिसली की ती उघडून पाहिल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्याने मामीचा चांगला चालणारा रेडिओ उघडला. तो अजून उघडाच आहे.

अशा माणसाला पोस्टमनने बदकाची सहा अंडी का आणून द्यावीत, देव जाणे. तळ्याकाठी कुत्र्याने बदकीण मारली, अंडी अजून उबदार होती आणि वाटेत पहिलं दुकान मामाचं लागलं, एवढंच. मामाने भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाची रिकामी पेटी घेतली, आत बल्ब लावला, पाण्याची वाटी ठेवली आणि दिवसातून चार वेळा अंडी फिरवू लागला. गिऱ्हाइकं ताटकळत उभी. दोन अंडी रिकामी निघाली. उरलेली चार उजेडासमोर धरली की आत काहीतरी हलायचं.

"कवचाला भोक पडलं की पुढे दीड दिवस लागतो," पोस्टमनने बजावलं होतं. "हात लावायचा नाही."

मामाने तीन तास धीर धरला. मग डोळ्याला भिंग लावलं, चिमटा घेतला आणि पहिल्या पिल्लाला बाहेर काढलं. रक्त आलं. पिल्लू त्याच्या तळहातावरच गेलं.

दुसरं आपलं आपण बाहेर आलं. त्या आनंदात मामाने त्याला परातीत पाणी घालून सोडलं. आईविना निघालेल्या पिल्लाच्या पिसांना तेल नसतं, हे त्याला कुठे ठाऊक! ते भिजलं, गारठलं, संपलं. बदकाचं पिल्लू पाण्याने गेलं, हे गल्लीत सांगायची सोय नव्हती. तरी समोरच्या न्हाव्याला कळलंच. "आता मासे पाळा," तो म्हणाला, "पण पंख्याखाली वाळत घाला." एरवी मामाने त्याला सोडलं नसतं. त्या दिवशी तो नुसता आत निघून गेला.

तिसरं कवचाच्या आत टकटक करत होतं. ते थांबलं. का, ते कळलं नाही.

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात," मामी म्हणाली. "इथे खोड तुमची आणि मरतंय दुसरंच." तिने चिमटा पिठाच्या डब्यात लपवला.

चौथ्या अंड्याला भोक पडलं तेव्हा मामा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून पेटीसमोर बसला. जेवायलाही हात काढेना. मामीने बडबडत घास भरवले. दुसऱ्या दिवशी दुपारी आतली चोच हलायची थांबली. मला तिकडे बघवेना.

मामी पिठाने माखलेला चिमटा घेऊन आली. "अहो, जाईल ते! काढा त्याला!"

"नाही."

"आता मीच सांगतेय ना!"

"अगं, उघडता येतं मला," मामा म्हणाला. "परत लावता येत नाही."

मामी चिमटा हातात धरून त्याच्याशेजारी बसली. तासाभराने कवचाचा एक टवका उडाला, मग दुसरा, आणि एक ओलं, चिडकं डोकं बाहेर आलं. मामाने उचलायला हात पुढे केले, पण मुंग्यांनी बोटं वळेनात. पिल्लाला मामीनेच ओंजळीत घेऊन बल्बखाली ठेवलं. मामा रडत होता आणि डोळे पुसायलाही त्याचे हात कामाचे नव्हते. ते मामीने पुसले, पिठाच्या हातांनी.

"आणि परातीकडे बघितलंत," ती म्हणाली, "तर याद राखा."