एक्सलचं अल्टरेशन

आमचे भाऊजी शिंपी आहेत. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणते, म्हणून त्यांच्या माघारी मीही म्हणते; ते मला धाकटी म्हणतात. चाळीस वर्षांत त्यांनी नवा कपडा फारसा शिवलेला नाही, सगळं आयुष्य अल्टरेशनमध्ये गेलं. सुटलेल्या पोटांसाठी पँटी सैल करायच्या, आजारातून उठलेल्यांसाठी घट्ट करायच्या, आणि गिऱ्हाइकाच्या कमरेबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही. सायकलपलीकडे त्यांना कुठलंही वाहन चालवता येत नाही. गाडीत बसले की दुसऱ्या वळणाला मळमळतं. तेव्हा माझ्या गाडीचं पुढचं अंग कापून नवं बसवायला यांच्याहून लायक माणूस मला कुठे मिळणार होता?

मी गुरांची डॉक्टर आहे. डोंगरावरच्या वस्त्यांमधल्या शेळ्यामेंढ्या माझ्याकडे असतात. तिथे जायला रस्ता आहे असं नकाशात लिहिलंय, आणि नकाशा काढणारा माणूस बहुतेक खालूनच बघून गेला असावा. माझ्या गाडीची पुढची दोन चाकं एकमेकांशी संबंध ठेवत नसत. प्रत्येकाचा आधाराचा हात वेगळा, सांधे वेगळे. डांबरी रस्त्यावर असल्या गाडीत फार सुख लागतं. डोंगरात मात्र ते हात वाकतात आणि सांधे निखळतात. दोन वर्षांत तीनदा निखळले. तिसऱ्या वेळी अर्ध्या वाटेवरच्या मोठ्या खडकावर उजवं चाक आडवं झालं, बर्फाच्या पेटीतल्या सहाशे लसी उन्हात वाया गेल्या, आणि पुढच्या महिन्यात वरच्या वस्तीत नव्वद मेंढ्या मेल्या. तिथली म्हातारी मेंढपाळीण मला एका शब्दाने बोलली नाही. नुसतं रिकामं कुंपण दाखवलं. त्या दिवशी मला घास गेला नाही.

आमच्या साहेबांना गेला असावा, कारण दुपारी तृप्त चेहऱ्याने त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, "मॅडम, पंधरा तारखेची लसीकरणाची फेरी तुमच्या गाडीने झाली तर ठीक. नाहीतर डोंगर दुसऱ्याकडे देऊ. तुम्ही खाली आवक-जावक सांभाळा, सावलीत बसा." तो दुसरा कोण, हे मला चांगलं माहीत होतं. डांबर संपतं तिथे तो गाडी उभी करतो, आणि जनावरांनी शहाणपणाने खाली यावं अशी अपेक्षा ठेवतो.

दोन गॅरेजांत जाऊन आले. एकाने चार महिने सांगितले. दुसऱ्याने खुर्ची दिली, चहा दिला आणि नवी गाडी घ्या म्हणाला. संध्याकाळी ताईकडे जेवताना मी हे सगळं ओकले. मास्तर मान खाली घालून ऐकत होते. मग म्हणाले, "दोन बाजू वेगवेगळ्या ओढतात म्हणून उसवतंय. मधून एकच सलग पट्टी टाकली पाहिजे."

त्यांना म्हणायचं होतं ते असं, की पुढचे हात-सांधे सगळे काढून टाकायचे आणि तिथे एकच जाडजूड लोखंडी एक्सल आडवा बसवायचा, दोन टोकांना दोन चाकं. एक चाक दगडावर चढलं की दुसरं खाली दाबलं जातं, पण मोडत काही नाही. एक ट्रक ड्रायव्हर पँट न्यायला आला तेव्हा गाडी दुरुस्तीचं एक जुनं पुस्तक दुकानात विसरून गेला होता. पँट नेली, पुस्तक राहिलं. त्यातली चित्रं मास्तरांना पाठ होती.

"भाऊजी, ती गाडी आहे, सदरा नाही," मी म्हटलं.

"ताण कुठे येतो ते बघायचं. बाकी सारखंच असतं."

मी ताईकडे बघितलं. ताई म्हणाली, "करू दे गं. नाही म्हणालीस तर माझा पंखा उघडून बसतील."

तर असा तज्ज्ञांचा सल्ला घेऊन मी एक तारखेला गाडी दुकानामागच्या अंगणात उभी केली. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येऊन बघते तर गाडीला पुढे चाकंच नाहीत. चार लाकडी ठोकळ्यांवर ती उभी, आणि खालून मास्तरांचे पाय बाहेर आलेले. नट-बोल्ट बटणांच्या बरण्यांत, बरणीवर चिठ्ठ्या. इस्त्रीच्या टेबलावर दोन सांधे वाळत टाकलेले. शेजारी खिडक्यांच्या जाळ्या करणारा वेल्डर राहतो, तो मदतीला होता. त्यानेही आजवर गाडी म्हणून काही जोडलं नव्हतं. आत्मविश्वास दोघांकडेही भरपूर होता.

मास्तरांची माप घेण्याची रीत मात्र बघण्यासारखी. उताणे झोपून, गळ्यात टेप, कानामागे खडू, ते गाडीखाली खाकी कागदावर एकेक खूण उतरवत होते. गिअरबॉक्समधून पुढच्या चाकांकडे फिरता दांडा येतो तो गाडीच्या डाव्या अंगाने. एक्सलचं मधलं गोल पोट, ज्यात दातेरी चाकं असतात, ते त्या दांड्यासमोर म्हणजे डावीकडेच यायला हवं. हे मला त्यांनीच समजावलं, दोनदा, मी मठ्ठ असल्यासारखं. मग सहा तारखेला कागदाची घडी खिशात घालून ते आणि वेल्डर भंगारवाल्याकडे गेले, आणि जुन्या मोठ्या गाडीचा एक्सल हातगाडीवरून घेऊन आले. गल्लीने वळून वळून बघितलं. मास्तर नवरदेवासारखे पुढे चालत होते.

नऊ तारखेला तो एक्सल जॅकवर चढवून गाडीखाली धरला. पोट उजवीकडे. दांडा डावीकडे.

 वेल्डरने चष्मा वर केला आणि परत खाली घेतला. मास्तरांनी खिशातून कागद काढला, उलटला, पुन्हा उलटला. काय झालं ते त्यांच्याच तोंडून कळलं. कापडावर खुणा आतल्या, उलट्या बाजूने करतात. म्हणून कापड कापायच्या आधी शिंप्याचा हात कागद एकदा पालथा करतो, विचार न करता. गाडीचं माप खालून घेतलेलं, म्हणजे तेही उलटच. मास्तरांनी घरी तो कागद व्यवस्थित सुलट करून नवा काढला. आणि भंगारात पोचल्यावर, चाळीस वर्षांच्या सवयीने, परत पालथा केला.

"वा," मी म्हटलं. "आता सगळ्या मेंढ्यांनाच सांगते, उलट्या चालत खाली या."

ताईने माझ्याकडे डोळे वटारून बघितलं. मास्तर एक्सलच्या पोटावर हात ठेवून नुसते उभे राहिले, आणि त्यांचा चेहरा बघून मला माझीच लाज वाटली. एक्सल फिरवून लावायचीही सोय नव्हती, दांडा जोडायचं तोंड मग पुढे गेलं असतं. भंगारवाल्याकडे दुसरा तसा एक्सल नव्हता. सहा दिवस उरले होते. गाडी पुढून रिकामी होती, जुनं सामान कापून झालेलं होतं, आणि मागे जायची वाट मास्तरांनी स्वतःच्या हाताने बंद केली होती.

दहा तारखेला मी ऑफिसात बसून अर्ज लिहिला. 'वैयक्तिक कारणास्तव डोंगरावरची फेरी सोडत आहे, आवक-जावक विभागात नेमणूक व्हावी.' सही केली, तारीख घातली. साहेब रजेवर होते. जेवायच्या सुट्टीत अंगणातल्या गाडीतून माझी लसींची यादी आणायला गेले, तेव्हा अर्ज गाडीच्याच पुढच्या कप्प्यात ठेवला आणि यादीबरोबर परत घ्यायला विसरले. खरं सांगायचं तर विसरले नाही. परत घेऊन जायला हात होईना. मला त्या डोंगराचा कंटाळा कधीच आला नव्हता.

अकरा तारखेला संध्याकाळी गेले तर अंगणात एक्सल दोन स्टुलांवर आडवा ठेवलेला, आणि त्यावर खडूच्या रेघा.

"अल्टरेशन करायचं," मास्तर म्हणाले. "डावी बाही लांब आहे, उजवी आखूड. डावीतून तुकडा काढायचा, उजवीला जोडायचा. पोट आपोआप डावीकडे सरकतं. आतले दांडे अदलाबदल. लांब इकडे, आखूड तिकडे."

"आणि मधे जोड सुटला तर?"

"माझा जोड सुटलेला आहे कधी?"

 गेल्या साली माझ्या कोटाचं अस्तर सुटलं होतं, पण ती वेळ ते काढायची नव्हती. त्यांनी माप धरलं, वेल्डरने कापलं. जोडाच्या आत आणखी एक जाड नळी ठोकून बसवली, अस्तरासारखी. आधी चार ठिकाणी नुसते ठिपके मारले. मास्तर त्याला कच्चे टाके म्हणत होते, आणि वेल्डरही दुसऱ्या दिवसापासून कच्चे टाकेच म्हणायला लागला. मग ओळंबा सोडून दोन्ही टोकांचा कल बघितला. केसभर फरक निघाला. कच्चे टाके उसवले, परत घातले. तीनदा. चौथ्यांदा वेल्डर वैतागून म्हणाला, "मास्तर, मेंढ्यांना एवढं कळत नाही." मास्तर म्हणाले, "डॉक्टरला कळतं." दुकानात दोन कोट आणि सात पँटी वाट बघत लटकत होत्या, गिऱ्हाइकं येऊन तोंड वाकडं करून जात होती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मास्तरांचा वायदा चुकत होता.

चौदा तारखेला दुपारी गाडी चार चाकांवर उतरली. पूर्वीपेक्षा चार बोटं उंच आणि दिसायला एखाद्या रागावलेल्या म्हशीसारखी.

पंधराला सकाळी मी लसींची पेटी चढवली तर मास्तर आधीच पुढच्या सीटवर बसलेले. गळ्यात टेप, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी.

"तुम्ही कुठे निघालात? तुम्हाला मळमळतं."

"शिवण उसवली तर शिंपी जवळ हवा."

दुसऱ्या वळणाला पिशवी उपयोगी आली. तिसऱ्यालाही. खडक आला तेव्हा माझे हात घामाने स्टीअरिंगवरून घसरत होते. उजवं चाक वर चढलं, आणखी वर चढलं, गाडी एका अंगाने कलली, आणि मी निखळण्याचा तो ओळखीचा आवाज ऐकायला कान टवकारले. आवाज आला नाही. डावं चाक खाली दाबलं गेलं, सलग एक्सल करकरला, आणि आम्ही पलीकडे उतरलो. मास्तरांनी डोळे घट्ट मिटले होते. जे बघायला ते आले होते, नेमकं तेच त्यांनी बघितलं नाही.

वर सहाशे चाळीस जनावरांना लस दिली. मास्तर मेंढ्या धरत होते आणि सवयीने प्रत्येकीच्या गळ्यातल्या दोरीत दोन बोटं घालून सैल आहे का बघत होते. म्हातारीच्या कुंपणात पुन्हा वीस-पंचवीस कोकरं होती. तिने मला पाणी दिलं, या वेळीही बोलली काही नाही, पण कुंपणाचं फाटक स्वतः उघडून धरलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

निघताना मास्तर हात धुवायला गेले. आता कोणाला कळायच्या आत तो अर्ज फाडून टाकावा म्हणून मी कप्पा उघडला. कागद तिथेच होता. फक्त उलट ठेवलेला. मागच्या कोऱ्या बाजूवर खडूच्या पेन्सिलीने एक्सल काढलेला, कापायची रेघ, बाण, 'हा तुकडा इकडे'. दोन टोकांना बारीक अक्षरात 'धाकटीची डावी', 'धाकटीची उजवी'. खाली तारीख, अकरा. पहाटेचे सहा.

ते आले आणि माझ्या हातात कागद बघून थांबले.

"भाऊजी, हा कागद..."

"एका बाजूने कोरा होता," ते म्हणाले.

"आणि दुसरी बाजू? वाचलीत?"

त्यांनी टेप गळ्यातून काढला, गुंडाळला, खिशात ठेवला. "गिऱ्हाइकाचं माप शिंपी बाहेर बोलत नाही," म्हणाले, आणि पिशवी घेऊन सीटवर बसले.

मी अर्ज फाडला नाही, घडी घालून परत कप्प्यात ठेवला. उतरताना दुसऱ्याच वळणाला त्यांना मळमळलं. मी गाडी बाजूला घेतली, पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला, आणि त्या दिवशी त्यांना काहीएक टोचून बोलले नाही.