हार्पवरची तीन पाखरं

फोन जरा जवळ धर गं, नुसतं कपाळ दिसतंय तुझं. महिनाभरात मावशीला एक फोन नाही, आणि म्हणे बिझी. असू दे, ऐक.

इथे वॉलॉंगॉंगला समुद्राकाठी एक म्हातारा रोज दुपारी हार्प वाजवतो. वाजवण्याआधी बोटांवर फुंकर घालतो, चटका बसल्यासारखी. नाव मी विचारलं नाही, त्यानेही माझं नाही. परवा त्याची एक लांबलचक धून मी डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर आनंदाने म्हणाला, "झोपलात ना?"

धून त्यानेच बांधलेली, त्याच्या आजोळच्या, वेल्सच्या पुराणातल्या तीन पाखरांवर. ती गायली की जिवंत माणसं झोपतात आणि मेलेली जागी होतात. शनिवारी हॉलमध्ये पहिल्यांदा वाजवायचीय, आणि अजून कुणाला साधी जांभईही आली नव्हती.

मी म्हटलं, "अरे बाबा, आम्ही गाणं असंच डोळे मिटून ऐकतो."

त्याचा चेहराच पडला. "मग पुन्हा वाजवतो."

"वाजव, पण वर गेलेल्या आमच्या ह्यांना उठवू नकोस. उठल्या उठल्या चहा मागतील."

तो हळूच म्हणाला, "माझी बायकोही मागायची. म्हणून तर बांधली."

पाखरांचं एक खरं ठरलं तर दुसरंही ठरेल, असं त्याला वाटत असावं. त्याने पुन्हा वाजवली, आणि मला खरंच झोप लागली गं. हे गेल्यापासून दुपारी डोळा लागला नव्हता. जागी झाले तेव्हा ऊन कललं होतं आणि तो शीळ घालत तारा पुसत होता.

शनिवारी जायचंय मला, पण त्या हॉलमध्ये एकटीने बसवणार नाही. शुक्रवारच्या ट्रेनने ये ना.