दारासमोरची रिकामी जागा

बाबू, फोन कानाजवळ धर आन ऐक. "हो हो" करून ठेवून देऊ नको, मागच्या वेळी तसंच केलंस.

आपल्या गल्लीत दोन्ही बाजूंच्या गाड्यांमध्ये एक सायकलवाली पोरगी पडली, हात मोडला. तेव्हा नगरपालिकेनं ठरवलं, गाड्या एकाच बाजूला, आन ज्याच्या घरी गाडी असन त्यालेच दारासमोर जागा. पट्टे मारायले त्यांचा एक माणूस येते. कानामागं खडू ठेवते, पावलांनी मोजते. चहा विचारला की म्हणते, "ड्युटीवर पाणीच चालते, काकू."

माझ्या दाराशी थांबून त्यानं विचारलं, "गाडी?"

"पोराची आहे, नागपूरले," मी म्हटलं.

त्यानं खाली पाह्यलं. धुळीत टायरची एक खूण नव्हती. तरी चौकोन आखला, वहीत "आहे" लिहिलं.

शेजारचे भाऊजी उसळले, "अरे, दोन वर्षांत इथं गाडी कोणी पाह्यली?"

ब्रश चालवत चालवतच तो म्हणाला, "गाडी बाहेर गेली आहे, साहेब. परत आल्यावर कुठं उभी राहीन?"

आता तो पट्टेवाला रोज इथून जाते, पण स्वतःची सायकल दूर कोपऱ्यावरच टेकवते. माझ्या चौकोनात कधीच नाही. मले त्याच्याकडं पाहवत नाही, बाबू. भाऊजींनी अर्ज दिला आहे, सोमवारी मोठे साहेब पाहणीले येऊन राहिले. माझ्यापायी त्याच्या नोकरीवर येईन. रविवारीच गाडी घेऊन ये. आन आलास तं दोन दिवस राहा रे.